त्रास : झिजलेल्या शब्दांचा इतिहास



मी भाषाशास्त्राचा अभ्यासक नव्हे. सुरतेत पस्तीसहून अधिक वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा एक बी.एच.एम.एस. डॉक्टर आहे. आमचे घर मूळचे सांगलीकडचे, जैन. तुमच्यापैकी अनेकांची घराणी गायकवाडांच्या कारकिर्दीपासून या मुलखात आहेत. त्या मानाने मी कालचा पाहुणाच. तरीही मंडळाने व्याख्यानाला बोलावले, तेव्हा ज्याच्याशी माझा रोज संबंध येतो असा एकच विषय मला सुचला. माणूस आपल्याला पिडणाऱ्या गोष्टीला आणि पिडणाऱ्या माणसाला काय नाव देतो, हा तो विषय.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्गेनन’मध्ये वैद्याला एक शिस्त घालून दिली आहे. रुग्ण जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आपल्या शब्दांत त्याचे भाषांतर करू नये. म्हणून माझ्या केसपेपरांवर चार-पाच भाषांची खिचडी असते. खानदेशातून आलेली बाई ‘डोक्याला नुसती कटकट’ म्हणते. गुजराती शेठ ‘माथाकूट’ म्हणतात. उत्तर प्रदेशातला कारागीर ‘घुटना दिक करता है’ म्हणतो. शिकलेली मुले ‘इरिटेट होतंय’, ‘बोअर होतंय’ म्हणतात. वर्षानुवर्षे हे शब्द लिहिता लिहिता मला त्यांच्या कुळाची उत्सुकता लागली. कोश चाळू लागलो, तसे ध्यानात आले की आज आपण सहज चिडून उच्चारतो त्यांतले पुष्कळ शब्द एके काळी मरणाचे, जखमेचे आणि भयाचे होते. रोजच्या वापराने नाणे झिजावे तसे ते झिजले आहेत. ही झीज कशी झाली आणि ती सगळीकडे सारखी झाली का, एवढेच आज पाहायचे आहे. हा प्रश्न माझ्यापुरता केवळ कुतूहलाचा का उरला नाही, तेही शेवटी सांगेन.

सुरुवात इंग्रजीपासून करतो, कारण ती भाषा हिंदुस्थानच्या व्यापारात शिरली ती सुरतेच्या दारातून. १६०८ सालच्या ऑगस्ट महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज विल्यम हॉकिन्स याच्या हाताखाली तापीच्या मुखापाशी येऊन नांगरले. त्या जहाजाचे नाव ‘हेक्टर’. ग्रीक महाकाव्यातला हेक्टर हा ट्रॉयचा राजपुत्र. आपल्या नगरीसाठी लढून मेलेला मोठ्या मनाचा वीर. जहाजाला त्याचे नाव दिले ते अर्थातच गौरवाने. पण त्याच सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दंगा करीत हिंडणारी उडाणटप्पू पोरे स्वतःला ‘हेक्टर’ म्हणवू लागली. लोकांना त्यांचा इतका वीट आला की पाहता पाहता ‘हेक्टर’ हे क्रियापद होऊन बसले. अर्थ झाला दमदाटी करणे, अंगावर ओरडून दुसऱ्याला नमवणे. वीराचे नाव गुंडांनी घेतले, गुंड काळाच्या ओघात गेले, आणि नावावर डाग तेवढा राहिला.

आपण इंग्रजांना हसायला नको. मराठीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. काही घरांत वडीलसुद्धा. गुजरातीत ‘दादा’ म्हणजे आजोबा. दोन्हीकडे मायेचा आणि मानाचा शब्द. पण गल्लीतल्या दादाने ‘दादागिरी’ला जन्म दिला. सुरतेत ज्या ‘भाई’वाचून कोणाचे नाव पुरे होत नाही, त्याच्यापासून ‘भाईगिरी’ निघाली. इंग्रजीतल्या ‘बुली’चीही हीच कथा आहे. सोळाव्या शतकात तो लाडका, जिवलग अशा अर्थाचा शब्द होता. आज शाळेत दुबळ्या पोरांना छळणाऱ्याला तो लावतात. ज्याची भीती वाटते त्याला जवळचे नाव देऊन माणूस आधी त्याची मनधरणी करतो. मग भीतीची सवय होते, आणि नावच वाईट होऊन बसते.

आता ‘पेस्ट’ हा शब्द घेऊ. दात घासायची पेस्ट नव्हे. आपल्या गल्लीत ज्यांच्या गाड्या फिरतात त्या पेस्ट कंट्रोलमधला. लॅटिनमध्ये ‘पेस्टिस’ म्हणजे साथीचा जीवघेणा रोग, विशेषतः प्लेग. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ तोच होता. प्लेगच्या रोग्यांना वेगळे ठेवायच्या घरांना इंग्रज ‘पेस्ट हाउस’ म्हणत. पुढे पिकांवरची कीड, घरातले ढेकूण-उंदीर आणि शेवटी पाहुण्यांसमोर धिंगाणा घालणारा भाचा, इथपर्यंत शब्द खाली उतरला. ‘प्लेग’ या शब्दाचे मूळ ‘प्लागा’, म्हणजे आघात, जखम. देवाने मारलेला तडाखा म्हणून महामारीला ते नाव पडले, आणि इंग्रजीत त्याचेही क्रियापद झाले : एखाद्याला ‘प्लेग’ करणे म्हणजे सारखे भंडावून सोडणे. जर्मन भाषेत मात्र, म्हणजे हानेमान यांच्या मातृभाषेत, ‘पेस्ट’ म्हणजे आजही मुख्यतः प्लेगच. एकाच लॅटिन मुळाचा शब्द एका देशात झिजून गुळगुळीत झाला, आणि दुसऱ्या देशात त्याची धार राहिली.

इंग्रजीत या शब्दांची धार बोथट होत असताना सुरतेत काय चालले होते? सतराव्या शतकाच्या नवव्या दशकात या शहरात खऱ्याखुऱ्या प्लेगने अनेक वर्षे ठाण मांडले होते. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेच्या वखारीत आला. त्याचे सुरतेचे प्रवासवर्णन १६९६ साली लंडनला छापले गेले, आणि त्यात या साथीची नोंद आहे. त्याच पुस्तकात त्याने इथल्या पशूंच्या इस्पितळाचेही वर्णन केले आहे. ती आपली पांजरापोळ. गाई, घोडे यांच्याबरोबर तिथे ढेकूण, पिसवा यांचीही सोय होती असे तो सांगतो. त्यांना अन्न मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर त्या खाटेवर झोपवीत. पाद्रीबुवांना याचे मोठे नवल वाटले.

जैन म्हणून मला ती दृष्टी परकी वाटत नाही. आमच्याकडे हालचाल करू शकणाऱ्या जीवांना ‘त्रस’ म्हणतात, आणि त्रस जीवाची हिंसा टाळणे हे श्रावकाचे पहिले व्रत. साधूने शांतपणे सोसायचे २२ परीषह ‘तत्त्वार्थसूत्रा’त मोजून दिले आहेत. त्यांत भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्या पाठोपाठ ‘दंशमशक’ आहे, म्हणजे डास-माश्यांचे चावे. इंग्रज ज्याला पेस्ट म्हणेल, त्याला इथे परीक्षेचा एक विषय मानले आहे. त्याच यादीत ‘सत्कार-पुरस्कार’ हाही एक परीषह आहे. मानसन्मान हीसुद्धा सोसायचीच गोष्ट. मंडळाने आज दिलेली शाल मी त्याच भावनेने घेतली आहे, याची अध्यक्षांनी कृपया नोंद घ्यावी.

पण डॉक्टर म्हणून मला पुढचाही इतिहास ठाऊक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात हाहाकार झाला. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच साथीत गेल्या. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखवले की हा रोग उंदरांवरची पिसूच एकाकडून दुसऱ्याकडे नेते. म्हणजे ओव्हिंग्टनच्या एकाच पुस्तकात एका पानावर प्लेग होता आणि दुसऱ्या पानावर पिसवांचे इस्पितळ. दोहोंमधला धागा मात्र त्याला, पांजरापोळीच्या महाजनांना किंवा जगात कोणालाच माहीत नव्हता. त्यातून मी जीवदयेविरुद्ध निष्कर्ष काढत नाही. माझ्या दवाखान्यात उंदरांचा पिंजरा आहे, आणि चातुर्मासात मी रात्री जेवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘पेस्ट’ हा शब्द कोणाला लावायचा हे ठरवण्यात किती ज्ञान आणि किती अज्ञान गुंतलेले असते.

इंग्रजीतले काही शब्द रोगातून नव्हे, तर गोठ्यातून आणि कारखान्यातून आले आहेत. ते आपल्याला सुरतेत चटकन समजतात. ‘पेस्टर’ हा शब्द दिसायला ‘पेस्ट’चा भाऊ, पण त्याचे कूळ वेगळे आहे. चरायला सोडलेला घोडा लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांत अडकवायच्या दोराशी त्याचे नाते आहे. मूळ अर्थ अडकवणे, पाय बांधणे. पुढे ‘पेस्ट’च्या शेजाराने त्याला भंडावण्याचा अर्थ चिकटला. आपल्याकडे ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला लोढणे म्हणतात. ‘गळ्यात लोढणं पडलं’ असे आपण नको असलेल्या जबाबदारीला म्हणतो. दोन्ही शब्द जनावराच्या अनुभवातून माणसाने उचललेले.

‘टीज’ म्हणजे मूळचे लोकर पिंजणे, धागा धागा सुटा करणे. त्यावरून चिडवणे, सतावणे. मराठीत आपण ‘तेच तेच काय पिंजत बसलास?’ म्हणतो. तिकडे लोकर पिंजणाऱ्याने आणि इकडे कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याने एकमेकांना न भेटता जवळपास एकच उपमा शोधली. ‘नॅग’ म्हणजे मुळात कुरतडणे. आपण ‘डोकं खाऊ नकोस’ म्हणतो, आणि आपले सुरती शेजारी ‘लोही पी गयो’ म्हणतात. कुरतडणारा, खाणारा, रक्त पिणारा. त्रास देणाऱ्याचे चित्र तिन्ही भाषांत दातांचे आहे.

कायद्याच्या पुस्तकात ही झीज अगदी एका ओळीत वाचता येते. इंग्रजी ‘न्यूसन्स’च्या मुळाशी लॅटिनमधले इजा करणे आहे, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खरोखरीची हानी असा होता. ‘अनॉय’चे मूळ ‘इन ओदिओ’, म्हणजे तिरस्कारात. त्याच मुळापासून फ्रेंचांचा कंटाळावाचक ‘आन्वी’ हा शब्द निघाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २६८ मध्ये ‘पब्लिक न्यूसन्स’ची व्याख्या आली. लोकांना इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य, असा तिचा आशय. इजेपासून नुसत्या त्रासापर्यंतची पूर्ण उतरण त्या एका वाक्यात बसवलेली आहे. मराठीत त्याला ‘सार्वजनिक उपद्रव’ म्हणतात, आणि तो शब्द ज्याने निवडला त्याला मी मनोमन दाद देतो. कारण ‘उपद्रव’ हा आयुर्वेदाचा पारिभाषिक शब्द आहे. मूळ रोगाच्या मागून, त्याच्याच आश्रयाने जो दुसरा विकार उद्भवतो, तो उपद्रव. आज आपण कबुतरांच्या उपद्रवाबद्दल सोसायटीच्या सभेत बोलतो. चरकाच्या काळी वैद्य त्या शब्दाने रोग्याचे पुढचे बरेवाईट जोखीत असे. ‘उपसर्ग’चेही तसेच. जैन पुराणांत पार्श्वनाथांवर कमठाने केलेला उपसर्ग म्हणजे जिवावरचे संकट. मराठीत शेजाऱ्याच्या रेडिओचाही उपसर्ग होऊ शकतो.

फारसी-अरबीकडून आलेले शब्द तर आपण इतके आपलेसे केले आहेत की त्यांचे मूळ घर आठवतही नाही. ‘बला’ म्हणजे ईश्वराने पाठवलेली कसोटी, संकट. आपण ‘बला टळली’ म्हणतो ते दारावरचा विक्रेता गेल्यावर. ‘तंग’ म्हणजे अरुंद, आवळलेले. ‘हैराण’ म्हणजे गोंधळलेला, थक्क झालेला. हिंदीने तो अर्थ राखला. ‘मैं हैरान रह गया’ म्हणजे मी चकित झालो. मराठीने आणि गुजरातीने मात्र त्याला छळाच्या घरात नेऊन बसवले. एका हिंदीभाषक रुग्णाने ‘आपकी दवा से मैं हैरान हूँ’ म्हटले, तेव्हा मी घाबरून औषध बदलायला निघालो होतो. तो बिचारा माझी तारीफ करत होता.

आणि ‘दिक’. गुडघा ‘दिक’ करतो म्हणणाऱ्या त्या कारागिराच्या तोंडचा शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ बारीक, सूक्ष्म. ‘दिक्कत’ त्याच कुळातली. माणसाला झिजवून बारीक करणाऱ्या तापाला म्हणून ‘दिक’ नाव पडले, आणि क्षयाला हिंदी-उर्दूत आजही ‘तपेदिक’ म्हणतात. इंग्रजीत प्लेगचे नाव खोडकर पोराला लागले, हिंदीत क्षयाचे नाव दुखऱ्या गुडघ्याला.

या यादीत आपला स्वतःचाही एक शब्द आहे, आणि सुरतेत बसून तो टाळणे बरे दिसणार नाही. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. वखारीतून गेलेल्या इंग्रजी पत्रांत महाराजांचा उल्लेख बंडखोर म्हणून येतो, आणि मोगलांच्या फारसी लिखाणात मराठ्यांना ‘गनीम’ म्हटले आहे. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. ज्या शहराचा आपण आज भाग आहोत, त्या शहराच्या दृष्टीने त्या काळी आपले पूर्वज हाच उपद्रव होता. मराठीने त्या शिवीचे काय केले पाहा. तिला ‘कावा’ जोडला आणि ‘गनिमी कावा’ म्हणून छातीवर मिरवली. म्हणजे असे शब्द नुसते झिजतच नाहीत. कधी कधी ज्याला मारले तोच तो दगड उचलून आपल्या भिंतीत चिणतो.

आता ज्या शब्दासाठी हे सगळे सांगितले, त्याच्याकडे येतो. तो शब्द ‘त्रास’.

संस्कृतात ‘त्रास’ म्हणजे भीती, थरकाप. ‘त्रस्’ म्हणजे भयाने कापणे. मराठीत येईपर्यंत तो फार सौम्य झाला. ‘तुम्हाला जरा त्रास देतो’ असे म्हणून आपण पेन मागतो. ‘कशाला त्रास घेतलात?’ असे पोहे पुढे आल्यावर म्हणतो. गुजरातीत मात्र त्याची उतरण इतकी झालेली नाही. गुजराती वर्तमानपत्रांत ‘त्रासवादी’ म्हणजे दहशतवादी. ‘सासरियांचा त्रास’ अशी बातमी असली, तर ती बहुतेक पोलीस ठाण्यातून आलेली असते. किरकोळ अडचणीला गुजराती माणूस ‘तकलीफ’ म्हणतो. हे मला सुरतेत येण्याआधी कोणी सांगितले असते, तर बरे झाले असते.

दवाखाना सुरू करून मला दोन-तीन वर्षे झाली होती. गुजराती बोलू लागलो होतो आणि त्याचा थोडा अभिमानही होता. एक तिशीतली बाई येऊ लागली. दर आठवड्याला काही ना काही. कधी पोटात जळजळ, कधी डोके, कधी झोप नाही. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, ‘साहेब, बहु त्रास छे.’ मी हानेमान यांच्या शिस्तीप्रमाणे तो शब्द जसाच्या तसा लिहून घेई. लिहिला गुजरातीत, वाचला मराठीत. फार त्रास आहे, म्हणजे जळजळ फार आहे. पोटाचे औषध देत राहिलो. खरे सांगायचे तर ती दारात दिसली की मलाच कटकट वाटे. माझा कंपाउंडर तिला ‘पनोती’ म्हणे, आणि मी त्याला कधी रागावलो नाही.

मग ती येईनाशी झाली. तीन-चार महिन्यांनी तिचा भाऊ आला, माझे जुने कागद मागायला. तिने फिनाईल प्यायले होते. वाचली होती, आणि आता माहेरी होती. सासरी काय काय चालले होते ते त्याने थोडक्यात सांगितले. ते मी इथे सांगणार नाही. मी कागद काढून दिले. त्यावर माझ्याच अक्षरात सात वेळा ‘त्रास’ लिहिलेले होते. त्याने बोट ठेवून विचारले, ‘एणे तमने कह्युं हतुं ने?’

तिने मला सांगितले होते. सात वेळा सांगितले होते. माझ्या भाषेत तो शब्द झिजला होता. तिच्या भाषेत नव्हता. कोशकार एका शब्दाचे अर्थ एकाखाली एक क्रमांक घालून मांडतो : पहिला भय, दुसरा पीडा, तिसरा कटकट. समोर बसलेला माणूस क्रमांक सांगत नाही. तो शब्द उच्चारतो, आणि कितवा अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर सोडतो.

झिजलेला शब्द पुन्हा धारदार होतानाही मी पाहिला आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांनीही पाहिला आहे. दवाखान्याच्या माडीवर एक पारशी आजोबा राहत. त्यांचा नातू महाखोडकर. आजोबा त्याला लाडाने ‘ए प्लेग, अहीं आव!’ अशी हाक मारीत, आणि तोही ‘प्लेग’ म्हटले की धावत येई. १९९४ च्या सप्टेंबरात, गणेशविसर्जन नुकतेच आटोपले असताना, वेड रोडकडच्या वस्त्यांमधून तापाने आणि खोकल्याने माणसे पटापट दगावल्याच्या बातम्या आल्या. फुप्फुसाचा प्लेग. पन्नासच्या वर माणसे गेली. टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनाशी झाली. लाखो लोकांनी काही दिवसांत शहर सोडले. स्टेशनावर खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसे लोंबकळत होती. मी ताप-खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला सरळ सिव्हिल हॉस्पिटलात पाठवले. माझ्या गोळ्या त्या वेळी देण्याच्या नव्हत्या. महाराष्ट्रातल्या एका जवळच्या नातलगाचा फोन आला. चौकशी झाली, आणि शेवटी अडखळत म्हणाले, ‘इतक्यात इकडे येऊ नका हं.’ त्यांचा दोष नाही. तेवढ्या आठवड्यांपुरते सुरतेचे सगळेच लोक इतरांच्या दृष्टीने ‘पेस्ट’ झाले होते, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही परत आला होता.

पुढे १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर कसे झाडून-धुऊन निघाले, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले सांगाल. मला आठवते ती माडीवरची हाक. साथ ओसरली, माणसे परतली, मुलगा पूर्वीसारखाच जिन्यावरून उड्या मारू लागला. पण आजोबांनी त्याला पुन्हा कधी ‘प्लेग’ म्हटले नाही. ते त्याला त्याच्या नावाने हाक मारू लागले.

माझ्या दवाखान्यातही तेव्हापासून दोन नियम आहेत. कोणत्याही रुग्णाला आतल्या आत टोपणनाव ठेवायचे नाही; ‘पनोती’ नाही, ‘कटकट’ नाही. आणि कोणीही, कोणत्याही भाषेत ‘त्रास’ म्हणाले, की पेन खाली ठेवून विचारायचे, ‘कसला त्रास? कोणाचा?’ दहापैकी नऊ वेळा उत्तर गुडघ्याचे किंवा पित्ताचे असते. मग मी पेन उचलतो आणि लिहू लागतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. तुम्हाला त्रास दिला असे मात्र आता म्हणवत नाही; तकलीफ दिली, असे म्हणतो आणि थांबतो.